उजव्या हातानं घे, नलू

नलू आज चौथीत आहे. जन्मली तेव्हा तिचा उजवा हात हलत नव्हता. तो हात किती चालतो आणि किती चालत नाही हे ठरवण्यातच आमची पहिली काही वर्षं गेली. त्या ठरवण्यावर एक मोठी गोष्ट अवलंबून होती: तिच्या अंगावर सुरी चालायची की नाही, आणि चालायची तर कुठे. ज्यांच्या मांडीवर आज असं बाळ आहे त्यांना थोडा आधार मिळावा म्हणून मी हे लिहिते आहे. वैद्यकातलं मला काही कळत नाही. मी शाळेत मराठी शिकवते.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आर्वीच्या शाळेत शिकले, हेडमास्तर घरी येऊन वडिलांना समजावून गेले, आणि वडिलांनी मला नागपूरला पाठवलं. ते उपकार मी विसरलेली नाही. त्यामुळेच शिकलेल्या माणसावर माझा डोळे मिटून विश्वास असे. नलूच्या जन्मानंतर तो विश्वास उडाला आणि मी फार संशयी झाले. दवाखान्यावर संशय, घरच्यांवर संशय. तो संशय काही वेळा कामाला आला, काही वेळा नुसताच जाळत राहिला. दोन्ही सांगते.

दुपटं

बाळंतपण अवघड गेलं. बाळ मोठं होतं आणि खांदा अडकला. भोवतीच्या बायका एकदम मोठ्यानं बोलायला लागल्या, मग एकदम गप्प झाल्या, आणि मग बाळ रडलं. मला दाखवलं ते दुपट्यात घट्ट गुंडाळून. तेवढा चेहरा बाहेर.

मी दुपटं सोडलं की नर्सबाई येऊन पुन्हा गुंडाळायच्या.

"वारं लागते बाळाले," त्या म्हणायच्या.

एप्रिल महिना होता. खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारावं तर ते बघता बघता सुकत होतं, आणि या बाईंना बाळाला वारं लागायची काळजी. माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली ती तिथे.

त्या जेवायला गेल्या तेव्हा मी दुपटं पूर्ण उघडलं. डावी मूठ हवेत ठोसे मारत होती. उजवा हात अंगाशी पडून होता, आणि त्याचा तळवा मागे वळलेला होता. वर्गात मागच्या बाकावरून चिठ्ठी घेणारी मुलं ठेवतात ना, तसा. मी त्या तळव्यात बोट ठेवलं. बोटं किंचित मिटली. हात मात्र उचलला गेला नाही.

"झोपेत दबला असन," नर्सबाई परत आल्यावर म्हणाल्या. "येईन."

"रडतानाही हलत नाही तो."

"पहिलटकरणीले असंच वाटते, ताई."

नलूचे बाबा संध्याकाळी आले. ते संत्रा मार्केटात एका आडत्याकडे कामाला. मी त्यांना म्हटलं, हे लोक काहीतरी लपवून राहिले. ते म्हणाले, "अवं, डॉक्टर येतीन तेव्हा सांगतीन न. तू त सगळ्याइलेच चोर समजतं."

कुणी ताणल्या?

मुलांचे डॉक्टर आले. त्यांनी नलूला दोन्ही हातांवर आडवं धरलं आणि थोडं खाली सोडल्यासारखं केलं. ती दचकली. डावा हात पंख्यासारखा उघडला. उजवा तसाच राहिला.

"जन्माच्या वेळी मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या आहेत," ते म्हणाले.

"कुणी ताणल्या?" मी विचारलं.

त्यांनी नलूला पुन्हा माझ्या मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "बाई, खांदा अडकला की हाताशी वेळ फार थोडा असतो. ओढलं नसतं तर आज आपण नुसत्या हाताबद्दल बोलत नसतो."

आज मला ते खरं वाटतं. त्या दिवशी वाटलं, हे सगळे एकाच शाळेतले, एकमेकांची चूक झाकणारच.

पुष्कळ हात आपोआप सुधारतात, असं ते म्हणाले. रोज हळूहळू व्यायाम द्यायचा, सांधे आखडू द्यायचे नाहीत, वाट पाहायची. वाट पाहायला सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवणं फार कठीण असतं, हे ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

हाताची परीक्षा

त्यानंतर बुधवार हा आमचा दवाखान्याचा वार झाला. मी शाळेत तासांची अदलाबदल करून घ्यायची, धरमपेठेतल्या आमच्या दोन खोल्यांना कुलूप लावायची, आणि नलूला घेऊन सायकलरिक्षानं सरकारी दवाखान्यात जायची. लांब व्हरांडा, लाकडी बाकं, उन्हाळ्यात भिंतीला टेकवत नसे इतकी ती तापलेली. आमच्यासारख्या दोन-तीन आया असायच्या. एकमेकींच्या बाळाच्या हाताकडे आम्ही चोरून बघायचो. कुणाचा हात जरा वर गेला की तोंडानं "वा वा" म्हणायचं आणि आपल्या बाळाचा हात पदराखाली घ्यायचा.

लहान मुलाच्या हाताची परीक्षा घ्यायची कशी, हा मोठाच प्रश्न आहे. त्याला 'हात वर कर' म्हणून चालत नाही. मग खुळखुळा वाजवायचा, किल्ल्यांचा जुडगा नाचवायचा आणि तो घ्यायला कोणता हात निघतो ते बघायचं. चांगला हात निघतो तेव्हा तो धरून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्याला निघावंच लागेल. धरला की मूल रडतं. रडणाऱ्या मुलाची काय परीक्षा होणार? भोवती शिकणारी मुलं-मुली उभी असायची. हाडांचे मोठे सर्जन यायचे, त्यांना सगळे 'सर' म्हणत. सर नलूच्या डोक्यावरून इंग्रजीत बोलायचे. मी शब्द लक्षात ठेवायची आणि घरी येऊन शब्दकोश उघडायची.

नलू बसायला लागली, चालायला लागली. हात थोडा सुधारला. आणि मग ते विचित्र सुरू झालं. घरी नलू उजव्या हातानं बत्तासा तोंडाकडे नेई. तीर्थ घेई, आणि तोच ओला हात डोक्यालाही लावी. मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तिच्या बाबांनी पाहिलं होतं. दवाखान्यात मात्र हात लोंबतच राही.

"घरी उचलता येतो तिला," मी म्हणायची.

एकदा एक तरुण डॉक्टर हसून म्हणाला, "घरी सगळ्यांनाच येतं, बाई."

हेच वाक्य मी मुलांच्या पालकांना किती वेळा ऐकवलं असेल. 'घरी सगळं येतं हो, शाळेत येत नाही.' ते पालक माझ्याकडे कसे बघत असतील ते त्या दिवशी कळलं.

नलू चार वर्षांची झाली तशी सरांनी सांगितलं की आता ऑपरेशनचं ठरवू. एक नाही, दोन. कोपर वाकवायला ताकद नाही, म्हणून छातीचा एक स्नायू दंडाकडे वळवायचा. आणि खांदा बाहेरच्या बाजूला वळत नाही, म्हणून पाठीकडचा एक स्नायू तिकडे आणायचा.

"कोपर वाकतं तिचं," मी म्हटलं. "बत्तासा खाते ती त्या हातानं."

"इथे वाकत नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज रागीट नव्हता. मला मात्र त्यांच्यामागे उभी असलेली ती शिकणारी मुलं तेवढी दिसत होती. मनात आलं, यांना शिकवायला एक हात हवा आहे. माझ्या मुलीचा.

सासूबाई

सासूबाई बेसा गावात असतात. शेतातली भाजी घेऊन अधूनमधून येत आणि दोन-चार दिवस राहत. त्यांचा संशय माझ्यावर होता.

"ग्रहणात तू इळीवर भाजी चिरत बसली होती का वं?"

"नाही."

"आठव."

"ग्रहण नव्हतंच तेव्हा, आई."

"तुले काय ठाऊक. तू त पोट घेऊन पेपर तपासत बसली होती."

माझा संशय त्यांच्यावर होता. त्या नलूला चोरून कुणा हाड बसवणाऱ्याकडे नेतात, तो हात ओढतो, आणि म्हणूनच दवाखान्यात हात दुखून उचलत नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. एकदा दोघी बाहेरून आल्या तर नलूच्या उजव्या हाताला तेल.

"कुणाकडे नेलं होतं?"

"मारुतीच्या देवळात."

"मग हाताला तेल कशाचं?"

"भज्याचं. भजे खाऊन राहिली होती पोरगी."

मी हात हुंगून पाहिला. भज्याचाच वास होता. तरी मी तो साबणानं चोळून धुतला. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "धू, धू. माह्याही हाताले हाये, तेही धून टाक."

आमचं दोघींचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. घ्यायचं ते उजव्या हातानं. तीर्थ, प्रसाद, वाटीतला चिवडा, कुणी दिलेली गोळी, काहीही. 'उजव्या हातानं घे, नलू' हे वाक्य आमच्या घरात दिवसभर चालायचं. डावा हात पुढे आला की कुणीतरी तो हळूच खाली करायचं. वळण तर होतंच. शिवाय असंही वाटायचं की रोज हाक मारली तर तो हात कधीतरी जागा होईल.

कागद विसरला

शाळा तपासायला साहेब येतात तेव्हा आधी मागच्या वर्षीचा शेरा वाचतात आणि मग वर्गात डोकावतात. त्यामुळे नवा शेरा मागच्यासारखाच येतो. हे मी बघत आले होते. सरही आधी नलूचा जुना कागद वाचायचे आणि मग हात बघायचे. तेव्हा मी ठरवलं की एका बुधवारी कागद न्यायचाच नाही.

"विसरला घरी," मी सांगितलं. आयुष्यात इतक्या सरळ तोंडानं मी खोटं बोलले नव्हते.

सरांनी कोऱ्या कागदावर नव्यानं तपासलं. मी घरी येऊन दोन्ही कागद शेजारी ठेवले. तेच होतं. कोपर: नाही. खांदा: नाही.

नलूचे बाबा म्हणाले, "झालं समाधान?"

"त्यांच्या लक्षात राहिलं असेल मागचं," मी म्हटलं.

"एवढे पेशंट पायते तो माणूस. त्याले तुही पोरगीच लक्षात राहीन?"

प्रश्न बिनतोड होता. पण संशय उत्तरावर थोडाच जगतो.

मॅडम

ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधी व्यायामाच्या विभागात नव्या मॅडम आल्या. इंदूरच्या. अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी खोलीतली शिकणारी मुलं बाहेर काढली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही म्हणता घरी येतो. मग घरी जसं देता तसंच द्या. मी बघते."

मी तयारीनं गेलेच होते. पर्समधून बत्तासा काढला. "उजव्या हातानं घे, नलू."

नलूनं घेतला. हात वर गेला, कोपर वाकलं, बत्तासा तोंडात गेला. मी मॅडमकडे बघितलं. इतक्या दिवसांचं सगळं त्या बघण्यात होतं.

"आता पटलं?"

मॅडमनी नलूकडे बघितलंच नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"ताई, आपका बायाँ हाथ कहाँ है?"

मी खाली बघितलं. माझा डावा हात नलूच्या उजव्या कोपराखाली होता. दोन बोटं, हलकीच.

"हे असंच. सहज," मी म्हटलं.

"एक बार फिर. दोन्ही हात मागे घ्या. बत्तासा मी देते."

मी हात मागे घेतले. मॅडमनी बत्तासा पुढे केला. नलूनं उजवा हात जरासा पुढे आणला आणि थांबली. रडली नाही, हट्ट केला नाही. बत्ताशाकडेही बघत नव्हती. मान वळवून ती माझ्या खांद्याकडे बघत होती, जिथून माझा हात यायचा.

आमच्याकडे पूजेला नवरा बसला की बायको त्याच्या उजव्या हाताला हात लावते. हात लावला की दोघांची पूजा होते. मूल पहिल्यांदा देवाला फूल वाहतं तेव्हाही कुणीतरी मोठं माणूस त्याच्या हाताला हात लावतं. ती आमच्या हातांची सवय आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. नलू पहिलं तीर्थ घ्यायला बसली तेव्हा तिच्या कोपराला असाच कुणाचा तरी हात लागला असेल. हात वर गेला. सगळ्यांना आनंद झाला. पुढच्या वेळी पुन्हा लागला. मग माझा, तिच्या बाबांचा, सासूबाईंचा, शेजारणीचा. घरात हात वर जात होता तो आमच्या बोटांवर, आणि आम्हा सगळ्यांना शपथेवर वाटत होतं की तो तिचा जातो.

मी बाकावर बसले. म्हटलं, "म्हणजे सरांचं बरोबर आहे. हातात काहीच नाही."

"तेही सिद्ध होत नाही," मॅडम म्हणाल्या. "ती वाट बघते आहे. वाट बघणाऱ्या मुलाची परीक्षाच होत नाही. आमची परीक्षा चुकीची, तुमचीही चुकीची." आणि पुढे म्हणाल्या, "मला वाटत होतं तुम्ही खोटं बोलता. माफ करा."

त्यांनी सरांकडून मुदत मागून घेतली. दिवाळीपर्यंत घरात कुणीही नलूच्या हाताला हात लावायचा नाही. उजव्या हातानं घे, असं म्हणायचं नाही. ती कोणत्या हातानं काय करते ते बघायचंसुद्धा नाही. मुलाला आपल्याकडे बघतात ते कळतं.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे एवढे दिवस तो हात तूच उचलत होती?"

"सकाळी दूध कोण देतं तिला?"

ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग उठून नळावर गेले आणि उगाचच बादली भरायला लागले.

हात पदरात

आधी सगळं बिघडलं. नलू सरळ डाव्या हातानं जेवायला लागली, डाव्या हातानं खेळायला लागली, आणि उजवा हात तिला आहे हेच विसरली. माझ्या मनात नवा संशय उभा राहिला. या मॅडमचं आणि सरांचं आपसात काही असेल, त्यात माझ्या मुलीवर प्रयोग चालला आहे. होता तेवढाही हात जाईल आणि मग म्हणतील, बघा, ऑपरेशनच हवं होतं. दोनदा मी मॅडमकडे जाऊन भांडले. त्यांनी दोन्ही वेळा ऐकून घेतलं आणि तेच सांगितलं.

सासूबाई ऐकतील यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. त्या नलूला घेऊन देवासमोर बसल्या की मी दाराच्या फटीतून बघायची. एकदा त्यांनी मान न वळवताच विचारलं, "काय पाहून राहिली वं?"

मी आत गेले. त्यांनी पदराच्या टोकानं स्वतःची दोन्ही मनगटं गुंडाळून मांडीत धरली होती.

"आपोआप पुढं जाते हात," त्या म्हणाल्या. "म्हणून बांधून बसली मी."

महालक्ष्म्या आल्या. घर भरलं. तीर्थ द्यायला सासूबाई बसल्या होत्या. नलूनं डावा हात पुढे केला. नात्यातल्या एक काकू तिथे होत्या, त्यांनी तो झटकन खाली केला.

"मास्तरीणबाईची पोरगी अन् वळण नाई? डाव्या हातानं तीर्थ घेते का कोणी?"

मी पुढे होणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "घेऊ दे तिले."

"अवं बाई, देवाचं हाये."

"देवाचंच हाये, तुह्यं नाई. तुह्या पोराचे दोनी हात चालते न? तो कोणत्या हातानं कमावते?" आणि त्यांनी पळी नलूच्या डाव्या तळहातावर ओतली. माझ्याकडे बघितलं नाही. नंतर स्वयंपाकघरात मला एवढंच म्हणाल्या, "तिचा पोरगा हाताची घडी घालून बसते दिवसभर. मले नोको शिकवू म्हना."

मी त्यांच्यावर घेतलेले सगळे संशय मला आठवले. पुरणाचं ताट हातात होतं म्हणून बरं, नाहीतर हात कुठे ठेवावेत ते कळलं नसतं.

भिंतीपाशी

दिवाळीनंतर नलूची पुन्हा परीक्षा झाली. त्या मधल्या काळात तिच्या हाताचं काय झालं ते मला खरोखर माहीत नव्हतं. सांगितल्याप्रमाणे मी बघितलंच नव्हतं. बघितलं नाही असं आईनं म्हणणं म्हणजे काय, ते आयांनाच कळेल.

सर होते, मॅडम होत्या. बाकी कुणी नाही. मला लांब भिंतीपाशी उभं केलं. मी हात पाठीमागे घेतले आणि भिंतीवर दाबून धरले.

मॅडमनी नलूच्या डाव्या हातात फुग्याची दोरी दिली. "सोडू नको हां, उडून जाईल." फुगा उडणारा नव्हता, पण नलूनं दोरी घट्ट धरली. मग मुरमुऱ्याचा लाडू तिच्या उजव्या हाताशी नेला.

तिनं तो घेतला. हात थोडा वर आला आणि थांबला. तिनं मान वळवली, माझ्याकडे बघितलं. भिंत, मी, आणि हात कुठेच नाहीत. ती बराच वेळ बघत होती. माझे खांदे पुढे ओढले जात होते.

मग तिनं माझ्याकडून नजर काढून घेतली. उजवं कोपर बाजूला वर आलं, तुतारी फुंकणाऱ्याचं येतं तसं, आणि लाडू तोंडाला लागला.

सरांनी चटकन तिच्या दंडावर बोटं ठेवली. "पुन्हा खा." तिनं पुन्हा एक घास घेतला. "हा स्नायू काम करतो आहे," सर म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "चांगला करतो आहे."

"आता हात मानेमागे ने, बेटा," मॅडम म्हणाल्या. हात गालापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मॅडमनी विचारलं, "आणि पुढे?"

नलूनं फुग्याची दोरी दातांत धरली, डाव्या हाताचं बोट गालाशी थांबलेल्या उजव्या मनगटाला लावलं आणि दोरी तशीच दातांत ठेवून सांगितलं, "इथवर मी नेते. तिथून आई नेते."

शेतकऱ्याला आपल्या वावराचा धुरा, शेताचा बांध, ठाऊक असतो तसा तिला तो ठाऊक होता. इतके बुधवार इतक्या लोकांनी तो हात पिळून, वाकवून, टोचून पाहिला. मी शब्दकोश पाहिले, कागद लपवले, भज्याचा वास घेतला. जिचा हात तिला कुणी विचारलं नव्हतं.

सर स्टुलावर बसले आणि नलूच्या उंचीला आले. त्यांनी तिलाच विचारून बाकीचं सगळं तपासलं. इथं कोण नेतं? मी. आणि इथं? कोणीच नाई.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कोपराचं ऑपरेशन करायचं नाही. त्याची गरज नाही. खांद्याचं करावं लागेल. ते टाळू नका."

"शिकणारी मुलं असतील का तेव्हा?" मी विचारलं.

"असतील. हात माझा असेल."

हे उत्तर त्यांनी गोड करून दिलं नाही, म्हणून मला ते पटलं. बाहेर बाकावर बसलेल्या बाबांना आत बोलावलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सही केली.

प्लास्टर

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर नलूला प्लास्टर होतं ते कंबरेपासून, आणि उजवा हात त्यात वर, बाहेर धरलेला. वर्गात उत्तर येतं म्हणून हात वर करून बसावं आणि मास्तरांनी विचारूच नये, तसा. दारातून तिला आडवं व्हावं लागायचं. वॉर्डातल्या बाया गमतीनं म्हणायच्या, "सांग वं, काय येतं तुले?" शेजारच्या खाटेवर मांडी मोडलेली एक मुलगी होती. तिची आई रोज दोघींचीही संत्री सोलायची आणि नलूच्या तोंडात फोड घालायच्या आधी विचारायची, "मी देऊ का तू घेतं?" तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

प्लास्टर काढल्यावर हात बारीक काडीसारखा निघाला. मला वाटलं, फसवलं. मॅडम म्हणाल्या, असाच निघतो. त्या वेळी मी भांडले नाही. पण घरी येऊन दुसऱ्या एका आईला विचारून खात्री करून घेतली.

ज्यांच्या घरी असं बाळ आहे त्यांना माझं सांगणं एवढंच: विचारत राहा. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसू नका. पण मूल हात उचलत असेल तेव्हा तुमचे हात कुठे आहेत तेही एकदा बघा. आणि मूल बोलायला लागलं असेल तर त्यालाच विचारा.

आता

नलूचा हात आता कपाळापर्यंत जातो. मानेमागे जात नाही, तो जायचा नाही असं सरांनी सांगितलं आहे. लिहिते ती डाव्या हातानं. वेणी मी घालून देते.

मागच्या आठवड्यात मला शाळेत लवकर जायचं होतं. मी घाईत नलूला हाक मारली तर ती आतल्या खोलीचं दार लावून बसलेली.

"वेणी घालायची ना?"

"बघू नको."

कंगवा दोनदा पडल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली. वेणी घातलेली होती. टोकाला रिबीन होती, तीही गाठ मारून.

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई आल्या होत्या.

"तुम्ही घालून दिलीत?"

"मी त चहा करून राहिली. काहून?"

शेजारच्या ताई मधल्या दारानं येतात. मी त्यांनाही हाक मारून विचारलं. त्या अजून आंघोळीलाही गेल्या नव्हत्या.

मग मी नलूला उजेडात उभी केली आणि वेणी बघितली. ती मानेच्या मधोमध नव्हती. सगळे केस पुढे ओढून डाव्या कानाच्या खालून ती सुरू केली होती आणि छातीवरून खाली आणली होती. वरचे पेड सैल, खालचे घट्ट. तिचा उजवा हात शरीरासमोरून जिथवर जातो, बरोबर तिथून. मी घातली असती तर तिथून घातली नसती. सासूबाईंनी नाही, कुणीच नाही.

"चांगली दिसते का?" तिनं विचारलं.

"वाकडी आहे," मी म्हटलं.

"मले माहीत हाये," ती म्हणाली आणि दप्तर घेऊन निघाली.